डझनाला सोळा

मी पाटी बोलतेय. शाळेतली नव्हे, तिच्या नशिबी निदान अक्षरं तरी असतात. मी केळीवाल्याच्या गाडीवरची, भावाची पाटी. तुम्ही मला रोज पाहता, आणि केळ्यांच्या आधी पाहता. मला वाचून तुमच्या कपाळाला जी आठी पडते, ती माझ्याइतकी जवळून कुणी पाहिलेली नाही. आता सवय झाली आहे.

जन्मानं मी तेलाच्या डब्याचा पत्रा. डबा गळायला लागला म्हणून केळीवाल्यानं तो कापला, कडा ठोकून बोथट केल्या आणि मला रंगाऱ्याकडे नेलं. नवी गाडी घेतली होती त्यानं, दवाखान्यासमोर, गल्लीच्या तोंडाशी. अंगात उत्साह मावत नव्हता. रंगाऱ्यानं मला दोन्हीकडून काळं केलं आणि म्हणाला, "आकडा खडूनं लिहीत जा. भाव आज एक, उद्या एक."

"केळ्याचा भाव काय सोन्याचा आहे का, रोज बदलायला?" केळीवाला म्हणाला. "पक्का रंग लाव. गिऱ्हाइकाला लांबून दिसलं पाहिजे."

रंगाऱ्यानं खांदे उडवले आणि पांढऱ्या तेलरंगात माझ्या अंगावर लिहिलं, 'केळी, डझनाला १६'. अक्षर सुरेख होतं त्याचं. मजुरी म्हणून केळ्यांची एक फणी घेऊन गेला. मी गाडीच्या छपराला लोखंडी आकड्यावर लटकले, आणि खोटं कशाला सांगू, मी फार ऐटीत होते. डझन घेणाऱ्याला तेव्हा वर एक केळं मिळायचं. ते मागावंही लागत नसे.

पक्का रंग पक्का राहिला, भाव काही राहिला नाही. पहिला पाऊस-उन्हाळा सरला नसेल तोच केळीवाल्यानं मला उलटं केलं आणि पाठीवर खडूनं वीस लिहिलं. तेव्हापासून माझी पाठ हीच माझी पुढची बाजू झाली. पंचवीस झाले, तीस झाले. दरवेळी ओल्या फडक्यानं जुना आकडा पुसायचा आणि नवा लिहायचा. लिहिताना तो स्वतःशीच पुटपुटायचा, "मी काय करू? बाजारातच वाढलेत." गिऱ्हाइकं यायच्या आधीच तो उत्तराची तालीम करून ठेवायचा.

वरचं केळं कधी बंद झालं ते कुणाच्या ध्यानातही आलं नाही. डझन मागणारे अर्धा डझन मागू लागले, अर्धा डझनवाले "चार द्या" म्हणू लागले. दवाखान्यात पेशंटला भेटायला जाणारे पूर्वी पिशवी भरून न्यायचे, आता दोन केळी हातातच धरून आत शिरायचे. घासाघीस करणारे कमी झाले, हे मला जास्त लागलं. घासाघीस करायलाही थोडी आशा लागते हो. आता लोक मला वाचायचे आणि गप्प पुढे जायचे.

त्या पुढे न जाणाऱ्यांत एक बाई होत्या. पूर्वी बालवाडीत शिकवायच्या, म्हणून सगळे त्यांना बाईच म्हणत. दिसेल ते बोट ठेवून मोठ्यानं वाचायची त्यांची खोड गेली नव्हती. त्यांचे यजमान टपाल कचेरीत होते, आता अंथरुणाला खिळलेले. अर्धं अंग गेलेलं, घास गिळता येत नसे. कुस्करलेलं केळं तेवढं घशाखाली उतरायचं. पेन्शन नेमलेली होती, एका ठिकाणी खिळलेली, त्यांच्यासारखीच. अंथरूण पाहून पाय पसरावेत हे खरं, पण आखडून आखडून माणसानं पाय आखडायचे तरी किती?

भाव चाळिसाला गेला तेव्हा बाई दोन केळ्यांवर आल्या. केळीवाल्यानं एकदा गुपचूप पिशवीत दोन जास्तीची घातली. कोपऱ्यापर्यंत जाऊन बाई परत आल्या आणि ती दोन गाडीवर ठेवली. "मोजायला चुकलात," एवढंच म्हणाल्या. राग नव्हता आवाजात, पण केळीवाल्यानं पुन्हा ती हिंमत केली नाही.

मग एक दिवस वाऱ्यानं मी उलटले. माझा त्यात काही हात नव्हता. नेमक्या त्याच वेळी बाई आल्या, बोट वर करून त्यांनी वाचलं, "केळी, डझनाला सोळा." पुन्हा वाचलं.

"उतरले वाटतं?"

केळीवाला मला सरळ करायला पुढे झाला होता. त्याचा हात तसाच राहिला. बाईंचा चेहरा मी समोरून पाहत होते, त्यानं बाजूनं पाहिला असेल. "हो ना बाई," तो म्हणाला. "यंदा माल चिक्कार आलाय."

"बरं झालं. अर्धा डझन द्या." पैसे काढता काढता बाई म्हणाल्या, "दूध बघा, औषध बघा, सगळ्यांनी ताळतंत्र सोडलंय. एक केळं तेवढं माणसात राहिलं."

त्या दिवसापासून बाई गल्लीच्या टोकाला दिसल्या की तो मला फिरवायचा आणि त्या गेल्या की सरळ करायचा. बाईंना संशय आला नाही. उलट, पक्क्या रंगात लिहिलेलं पाहून त्यांची खात्रीच पटली. पक्क्या रंगात खोटं कोण लिहील? एकदा दवाखान्यातला कंपाउंडर शेजारी उभा होता. त्याला आधीच चढा भाव सांगितलेला. त्यानं मला पाहिलं, बाईंकडे पाहिलं आणि मुकाट्यानं साठाच्या भावानं पैसे ठेवून गेला. हो, तोवर खडूचा आकडा साठावर गेला होता.

केळीवाल्याची बायको दुपारी त्याचा डबा घेऊन यायची आणि तो जेवेपर्यंत गाडी सांभाळायची. तिच्या नजरेतून काय सुटणार?

"दात कोरून पोट भरत नाही म्हणतात," ती म्हणाली, "तुम्ही तर दात काढून देताय."

"सहा केळी तर आहेत."

"सहा त्यांना, आणि आपल्या घरी केळं कधी येतं? काळं पडल्यावर. पोरीनं पिवळं केळं शेवटचं कधी खाल्लं, आठवून सांगा."

तो जेवत राहिला. तिचं चुकत नव्हतं, हे त्याला कळत होतं आणि मलाही. पण बाई आल्या तेव्हा मला फिरवलं त्यानंच, आणि ती तोंड वळवून केळ्यांवरच्या माश्या हाकत बसली.

पुढे जे झालं ते चांगल्या मनानंच झालं. दुष्टाव्यानं झालं असतं तर मी एवढी कुढत बसले नसते. बाईंच्या जिन्यात त्यांच्यासारखीच पेन्शनवरची म्हातारी माणसं. आपल्याला स्वस्त मिळतं आणि शेजाऱ्यांना ठाऊक नाही, हे बाईंच्या मनाला खाऊ लागलं. एका सकाळी त्या सगळ्यांना घेऊन आल्या. पिशव्या घेऊन, काठ्या टेकत, वर्ग सहलीला निघावा तसे. केळीवाल्यानं लांबून फक्त बाईंना पाहिलं आणि सवयीनं मला फिरवलं. मागची माणसं दिसेपर्यंत उशीर झाला होता.

"वाचा," बाई अभिमानानं म्हणाल्या. "मी खोटं सांगत नव्हते."

आता धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. मला सरळ करावं, तर चारचौघांत बाई खोट्या पडणार. न करावं, तर सकाळीच भरलेला माल पाण्याच्या भावानं जाणार. केळीवाल्यानं एकदा माझ्याकडे पाहिलं. मग त्यानं सुरी उचलली आणि फण्या कापायला लागला. म्हाताऱ्या माणसांनी डझन डझन घेतली. रस्त्यानं जाणारेही भाव वाचून थांबले. ऊन तापायच्या आत गाडी रिकामी झाली. लोकांनी त्याला तोंडभरून आशीर्वाद दिले, आणि दुसऱ्या दिवशी घाऊक बाजारात जायला त्याच्या हातात काही उरलं नव्हतं. तेल गेलं, तूप गेलं, हाती नुसता गाडीचा दांडा राहिला.

गाडी बरेच दिवस बंद होती. पुन्हा लागली तेव्हा बायकोच्या कानात काही नव्हतं. येताना ती तार आणि खिळे घेऊनच आली. मला खडूची बाजू पुढे करून तिनं छपराच्या फळीवर चारी कोपऱ्यांत ठोकलं. केळीवाला फण्या मांडत राहिला.

बाई आल्या. बोट वर गेलं. "डझनाला साठ," त्यांनी वाचलं, आणि बोट वरच राहिलं.

केळीवाल्यानं खाली पाहिलं. तेव्हा बायकोच पुढे झाली. "आजच वाढले हो बाई. काय करणार, बाजाराचं खरं नाही." जिनं खिळे ठोकले, तिनंच हे सांगितलं. माणसांचं मला कधी पुरतं कळलं नाही.

बाईंनी दोन घेतली. पुढच्या वेळी एक. ते एक केळं त्या दोन्ही हातांत धरून न्यायच्या. नंतर त्या येईनाशा झाल्या.

केळीवाला रोज गल्लीच्या टोकाकडे बघायचा. बायको म्हणायची, "असतील लेकीकडे गेल्या." बाईंना लेक नाही हे दोघांनाही माहीत होतं.

मग एका दुपारी, डब्याच्या वेळी, बाई वळणावर दिसल्या. हात धुवायला गेलेला केळीवाला अजून परतला नव्हता. बायकोनं त्यांना पाहिलं आणि पक्कड घेऊन माझ्यावर धावलीच. एक खिळा, दुसरा. माझा एक कोपरा फाटला. तिनं मला उपटलं, फिरवलं आणि छातीशी धरून उभी राहिली, सोळाचा आकडा पुढे करून.

बाई गाडीपाशी आल्या. या खेपेला त्यांनी वाचलं नाही.

"राहू द्या हो," त्या म्हणाल्या. "आता केळी नकोत."

बायकोला कळायला क्षण लागला. मग तिनं मला हळूहळू खाली घेतलं.

"कोपऱ्यावरच्या गाडीवर विचारलं मी मागे," बाई म्हणाल्या. "तो हसला. म्हणाला, सोळाचा भाव जाऊन जमाना झाला. तुमचं केवढं नुकसान केलं मी, माणसं आणून. मला खरंच वाटलं होतं, केळं तेवढं माणसात राहिलं." पिशवी रिकामीच होती. तिची घडी घालून त्यांनी ती काखेत धरली. "यांच्या पोटात मात्र गेली हो. शेवटपर्यंत गेली. तेवढं सांगायला आले."

केळीवाला परत आला तेव्हा बाई गल्लीच्या टोकाला पोचल्या होत्या. बायको रडत होती. त्यानं मला तिच्या हातातून घेतलं.

आता मी पुन्हा छपराच्या आकड्यावर आहे, तीनच कोपऱ्यांची. गंज चढतोय. खडूनं माझ्यावर आज किती लिहिलंय ते सांगत नाही, तुम्ही वाचेपर्यंत बदललेलं असेल. तेलरंगाची बाजू केळ्यांकडे असते, ती कुणी वाचत नाही. मला वाचून चिडा, आठी घाला, मुकाट्यानं पुढे जा, माझी तक्रार नाही. एवढंच मागते, की कधी वाऱ्यानं मी उलटले आणि एखादं म्हातारं माणूस बोट वर करून वाचत असलं, तर त्याचं वाचून होईपर्यंत मला सरळ करू नका.