‘हळू’ म्हणजे काय?

मित्रांनो, इस्पितळाच्या मागच्या भिंतीशी चाकांतली हवा गेलेली एक जुनी रुग्णवाहिका उभी आहे ना, तीच मी. हल्ली माझ्या पोटात मोडक्या खुर्च्या आणि रंगाचे डबे ठेवतात. पण एके काळी माझा भोंगा ऐकला की भर बाजारातली गर्दी बाजूला सरायची.

मी कारखान्यातून आले तेव्हा माझ्या पांढऱ्याशुभ्र अंगावर लाल पट्टा होता. माझ्यावर दोघांची नेमणूक झाली. चालक अग्निशमन दलातून आलेला. उशीर म्हणजे घात, हे त्याच्या अगदी हाडीमाशी खिळलेले. परिचारिका तान्ह्या बाळांच्या वॉर्डातून आली होती. ती कपाटाचे दारसुद्धा आवाज न करता लावायची. दोघेही आपापल्या कामात वाकबगार. मोठ्या डॉक्टरांनी एकदा माझ्या पाठीवर थाप मारून आम्हा तिघांचेही कौतुक केले, तेव्हा मला आभाळ ठेंगणे झाले होते.

पण दोघांचे सूत काही जुळले नाही. ती मागून “हळू” म्हणायची आणि हा मनात म्हणायचा, घाबरट बाई. हा वळणावर मला दामटायचा आणि ती ओठ आवळून बसायची. त्याने मित्रांपाशी तिची थट्टा केली, तिने मैत्रिणींपाशी त्याच्यावरचा राग काढला. समोरासमोर मात्र कुणी कुणाला काही विचारले नाही.

एका दुपारी आम्ही एका शिंप्याला घेऊन निघालो. जिन्यावरून पडून त्याचे खूप रक्त गेले होते. सोबत त्याची मुलगी होती. परिचारिकेला मोठ्या मुश्किलीने शीर सापडली. सुई आत जाताजाता ती म्हणाली, “हळू.” चालकाने उलट वेग वाढवला. खड्डा आला, मी उसळले आणि सुई निसटली. पुन्हा शीर सापडेपर्यंत इस्पितळाचे दार आले होते.

संध्याकाळी शिंपी गेला. तो वाचला असता की नाही, हे डॉक्टरांनाही सांगता आले नाही. त्याची मुलगी वडिलांच्या चपला न्यायला माझ्यापाशी आली. “तुम्ही दोघांनी खूप धावपळ केलीत,” एवढेच ती म्हणाली. दोघांनीही मान खाली घातली.

ती गेल्यावर दोघे माझ्या मागच्या पायरीवर बसले.

“मला गाडी थांबायला हवी होती,” परिचारिका म्हणाली.

“मग ‘थांबवा’ म्हणायचं ना ताई. तुम्ही नुसतं ‘हळू’ म्हणालात.”

“आमच्या वॉर्डात कुणी ‘हळू’ म्हटलं की सगळ्यांचे हात जागच्या जागी थांबतात.”

त्याने हातातली किल्ली पायरीवर ठेवली. मग म्हणाला, “मला वाटायचं, तुम्हाला वेगाची भीती वाटते.”

पहिल्याच दिवशी व्हायला हवे होते ते बोलणे त्या संध्याकाळी झाले. दोघांनाही पुन्हा माझ्यात बसवेना. ती आपल्या वॉर्डात परतली, त्याने दुसऱ्या गावी बदली मागून घेतली. माझ्यावर पुढे कितीतरी जोड्या आल्या, पण अशी हुशार जोडी पुन्हा आली नाही.

आता माझ्या जागी नवी गाडी आली आहे. तिचा चालक पूर्वी प्रवासी बस चालवायचा, परिचारक औषधांच्या दुकानातून आला आहे. आज सकाळी दोघे शेजारी बसून आपापल्या मोबाइलमध्ये डोके खुपसून होते. माझ्या गळ्यात नुसता भोंगा, त्याने काय सांगणार? म्हणून तुम्हाला सांगते, मित्रांनो. मोठेपणी वेगवेगळ्या वाटांनी आलेल्या माणसांबरोबर तुम्ही कामाला लागाल. तेव्हा आधी जरा शेजारी बसा आणि विचारा, “तुमच्याकडे ‘हळू’ म्हणजे काय?”