सात नंबरची वही

स्वातीलेखा सामंतला राग आला की ती गप्प व्हायची. घाटालच्या घरी हे सगळ्यांना ठाऊक होतं. हावड्याच्या होमिओपॅथी कॉलेजात ती तिसऱ्या वर्षाला होती आणि तिथे ते कुणाला ठाऊक असायचं कारण नव्हतं. म्हणून त्या दिवशी वाचनालयात नवं पुस्तक उघडून ती पाऊण तास एकाच पानावर बसून राहिली, तेव्हा तिची खोलीतली मैत्रीण मणिमाला हिला वाटलं, पोरगी अभ्यासात बुडालीय.

पुस्तक डॉक्टर भवतोष नियोगींचं होतं. कॉलेजचे ते मुख्य. खाडीकाठच्या एका काटेरी झुडपापासून त्यांनी नवं औषध केलं होतं आणि ते काय काय करतं हे या पुस्तकात छापलं होतं. पान एक्केचाळीसवर ठळक अक्षरांत होतं : 'डोळे पिवळे. लघवी मोहरीच्या तेलाच्या रंगाची. उजव्या बरगडीखाली दडपल्यासारखं दुखणं, उजव्या कुशीवर झोपवत नाही. दुपारी तीन ते पाच विनाकारण रडू. परीक्षक क्रमांक सात, स्त्री, वय एकवीस.'

सात नंबर म्हणजे स्वातीलेखा.

प्रूव्हिंग, म्हणजे नव्या औषधाची निरोगी माणसांवरची चाचणी, झालं होतं आदल्या वर्षी, दुर्गापूजेची सुट्टी संपल्यावर. परीक्षक म्हणून धडधाकट बारा मुलंमुली निवडली होती. रोज तीन वेळा जिभेवर एक पुडी टाकायची आणि अंगात, मनात जे जे होईल ते वहीत उतरवायचं. किती वाजता, डावीकडे की उजवीकडे, गरम शेकानं बरं वाटतं की गारानं, सगळं. पुडीत काय आहे ते कुणालाच सांगत नाहीत. काही पुड्यांत नुसती दुधाची साखर असते, म्हणजे औषधानं झालेलं काय आणि मनाचं काय ते कळावं. चहा बंद, पान बंद, कांदा-लसूण बंद, कापराचा वासही नको. मणिमाला तिच्यासमोर चहाचं भांडं धरून फुंकर मारायची आणि म्हणायची, "लेखा, शास्त्रासाठी एवढं तरी सोस."

स्वातीलेखानं ते सोसलं. तिचा या गोष्टीवर मनापासून विश्वास होता. औषध आधी निरोगी माणसानं स्वतःच्या अंगावर घेऊन बघावं, जे झालं ते खरं खरं लिहावं, याहून सरळ काय असणार असं तिला वाटे. तिची वही सगळ्यांत नीटस होती. संध्याकाळी नियोगी सर वह्या तपासत आणि तिची वही वर्गात वाचून दाखवत.

तिसऱ्या आठवड्यात घरून पत्र आलं. बाबांना झटका आला होता, उजवं अंग लुळं पडलं होतं. परीक्षा तोंडावर आहे, येऊ नकोस, असं आईनं लिहवून घेतलं होतं. दुपारची डाक यायच्या वेळेला स्वातीलेखाला रडू फुटायचं. तिनं वहीत ते लिहिलं आणि समासात कारणही लिहिलं. सरांनी समासातली ओळ लाल पेनानं खोडली.

"परीक्षकानं फक्त लक्षण लिहायचं, मा," ते म्हणाले. सगळ्याच मुलींना ते 'मा' म्हणत. "कारण शोधायचं काम माझं."

त्यानंतर चार दिवसांनी तिला अन्नाचा वास नकोसा झाला. मग ताप आला, मग डोळे पिवळे झाले. ती सरांकडे गेली तेव्हा त्यांनी तिला खिडकीशी नेऊन पापणी ओढून पाहिली, आणि त्यांच्या चेहऱ्यावर असा आनंद दिसला की तिला क्षणभर बरंच वाटलं. "काही म्हणजे काही घेऊ नकोस आता," ते म्हणाले. "लक्षणांचं चित्र बिघडेल." सहा दिवस ती नुसती पडून होती आणि लिहीत होती. सातव्या दिवशी तिला उभं राहता येईना, तेव्हा मणिमालानं कुणाला न विचारता रिक्षा आणली आणि तिला सरकारी दवाखान्यात घातलं. तिथे शेजारच्या खाटांवर हॉस्टेलच्याच तिघी होत्या, पिवळ्याधमक. त्यांनी आयुष्यात पुडी घेतली नव्हती. पुढे हॉस्टेलची पाण्याची टाकी उपसली, तर तळाशी सांडपाण्याचा नळ फुटून घाण आत आलेली होती. टाकी उपसायचा हुकूम नियोगींच्या सहीनं निघाला होता.

म्हणजे त्यांना माहीत होतं. आणि तरीही पान एक्केचाळीस.

वाचनालयातून उठून ती सरळ औषधशाळेत गेली. नृपेन पाल तिथे वीस वर्षं पुड्या बांधत होते. कोणत्या नंबराला काय दिलं याची यादी त्यांच्याच हातची.

"नृपेनबाबू, सात नंबरला काय होतं?"

"आता कशाला उकरतेस?"

"मला सांगा."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग कपाटातून एक घडी केलेला कागद काढून तिच्यापुढे धरला. सातच्या पुढे त्यांच्याच वळणदार अक्षरात लिहिलं होतं : दुधाची साखर.

"मी सरांना दोनदा दाखवला हा कागद," नृपेनबाबू म्हणाले. "ते म्हणाले, बघतो."

स्वातीलेखाची कानशिलं तापली. काविळीचं तिला इतकं नव्हतं. कावीळ पाण्यानं झाली, पाण्याला काय बोलणार. तिच्या डोळ्यांपुढे एकच शब्द नाचत होता : विनाकारण. बापाचा हात लुळा पडला म्हणून मुलगी रडली, आणि या माणसानं ते खोडून विनाकारण म्हणून छापलं. एका साखरेच्या पुडीच्या नावावर.

नियोगी सर खोलीत वाटीतली मुरी, म्हणजे चुरमुरे, खात बसले होते. त्यांनी तिला बसायला सांगितलं. ती बसली नाही.

"सर, मी साखरेवर होते."

त्यांनी वाटी बाजूला सारली. ते दचकले नाहीत, याचाच तिला जास्त राग आला.

"बारा जणांचं प्रूव्हिंग म्हणजे एकच शरीर असतं, मा. एकानं औषध घेतलं की त्याची लहर सगळ्यांत जाते. तू तर सगळ्यांत संवेदनशील. साखर घेऊनही तुला जे झालं, त्यातच औषधाची ताकद दिसते."

"आणि हॉस्टेलच्या त्या तिघी? त्या तर तुमच्या बारांत नव्हत्या. त्यांच्यातही लहर गेली की टाकीतलं पाणी गेलं?"

"तू आजारी होतीस. घरचं टेन्शन होतं. थोडं शांत हो, मग बोलू."

"घरचं टेन्शन तुम्हीच तर खोडलंत. माझी वही द्या."

"वही कॉलेजची आहे."

"रडले मी आणि वही कॉलेजची?"

त्यांनी घंटी वाजवून शिपायाला बोलावलं.

पंधरा दिवसांनी कॉलेजच्या सभागृहात नव्या औषधावर परिषद होती. वर्धमान, कृष्णनगर, मेदिनीपूरहून डॉक्टर आले होते. नियोगींनी पान एक्केचाळीस वाचलं. कुणाला काही विचारायचं आहे का म्हटल्यावर मागच्या रांगेतून स्वातीलेखा उभी राहिली. तिनं दोन्ही हात पुढच्या खुर्चीच्या पाठीवर दाबून धरले.

"मी सात नंबर," ती म्हणाली. "मला साखर दिली होती. कावीळ हॉस्टेलच्या पाण्यानं झाली, माझ्याबरोबर आणखी तिघींना. आणि मी विनाकारण रडत नव्हते. माझ्या बाबांना झटका आला होता, हे मी लिहिलं होतं. सरांनी ते खोडलं."

हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली. कुणीतरी "खाली बस" म्हणालं. कृष्णनगरचे एक म्हातारे डॉक्टर कानाला हात लावून ऐकत होते. ते म्हणाले, "यादी असेल ना? यादी मागवा."

यादी नृपेनबाबूंच्या कपाटात होती. ते दाराशीच उभे होते. सगळ्यांनी वळून त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी एकदा सरांकडे पाहिलं, मग जाऊन कागद आणला आणि म्हाताऱ्या डॉक्टरांच्या हातात दिला. म्हाताऱ्यांनी तो डोळ्यांजवळ नेऊन वाचला, घडी घातली आणि शांतपणे म्हणाले, "नियोगी, हे लबाडीचं आहे." मग नियोगींनी लहरींचं सगळं पुन्हा सांगितलं, अधिक चांगल्या शब्दांत, आणि निम्म्या हॉलनं टाळ्या वाजवल्या.

पुस्तक मागे घेतलं नाही. उरलेल्या प्रतींत पान एक्केचाळीसवर एक चिठ्ठी चिकटवली : 'क्रमांक सातच्या नोंदी पुन्हा पडताळाव्यात.' महिनाभरात नृपेनबाबूंना कामावरून कमी केलं. तोंडी परीक्षेला नियोगी समोर बसले आणि त्यांनी स्वातीलेखाला विचारलं, "डोळे पिवळे, उजव्या बरगडीखाली दुखणं. काय कराल?"

"आधी पाणी तपासेन," ती म्हणाली. तिला नापास केलं.

नृपेनबाबू हावड्याजवळच्या बालीला राहत. ती माफी मागायला गेली तेव्हा ते अंगणात खाटेवर बसले होते. त्यांच्या बायकोनं पुढे ठेवलेल्या चहाला तिनं हात लावला नाही.

"नृपेनबाबू, माझ्यामुळे तुमचं..."

"तू उभी राहायच्या आधी मला विचारलंस?"

"नाही."

"एक दिवस आधी येऊन म्हणाली असतीस, तरी मी कागद आणलाच असता. पण तेव्हा तो मी स्वतःहून आणला असता. आता तो तू आणवलास." त्यांचा आवाज चढला. "वीस वर्षं मी त्या माणसाच्या यादीत एक अक्षर चुकवलं नाही. त्यानंही मला विचारलं नाही, तूही नाही."

"तुम्ही रागवा," ती एवढंच म्हणाली. "रागवायलाच हवं."

"रागावलोच आहे. चहा घे, गार होतोय."

डिसेंबरात फेरपरीक्षेला बाहेरचे परीक्षक आले आणि ती पास झाली. त्याच महिन्यात नियोगींचा सत्कार होता. पास झालेल्या सगळ्यांना निमंत्रण गेलं, तसं तिलाही आलं. मणिमाला म्हणाली, "कशाला जातेस? जीव जाळून घ्यायला?"

"हो," स्वातीलेखा म्हणाली.

ती पहिल्या रांगेत, अगदी मधोमध, हाताची घडी घालून बसली. नियोगी तासभर बोलले. आपले गुरू, आपलं कॉलेज, आपली पुस्तकं, सगळ्यांबद्दल बोलले. त्या औषधाचं नाव मात्र त्यांनी एकदाही घेतलं नाही. एकदा तोंडाशी आलंही असावं; समोर तिच्यावर नजर पडताच ते थांबले, घोटभर पाणी प्यायले आणि दुसऱ्याच विषयावर गेले. मिठाईची ताटं फिरायला लागली, तेव्हा ती उठली आणि सगळ्यांच्या समोरून चालत बाहेर पडली.