बर्फातले दोन पिवळे डाग

वेन्डेल ओस्टबी बावीस वर्षं वुल्व्हरीनच्या मागावर होता. अस्वलाचा तोंडवळा, मुंगसाची चाल आणि गावगुंडाचा स्वभाव असलेलं हे जनावर अमेरिकेत मोंटानाच्या राखीव डोंगरांत होतं खरं, पण वेन्डेलला कधी दिसलं नव्हतं. बायको इर्मा दर जूनमध्ये त्याच्याबरोबर यायची. नाहीतर तो जेवायचंसुद्धा विसरला असता.

त्या दिवशी उंचावरच्या खिंडीत, जूनमध्येही न वितळलेल्या बर्फात तो चार तास दुर्बिणीला चिकटून बसला होता. इर्माच्या पोटात थर्मासभर कॉफी गेली होती.

"मी आडोशाला जाऊन येते."

"हळू जा. बर्फ वाजतो."

"मग काय उडत जाऊ?"

खुरट्या झाडांमागे ती बर्फात बसली आणि बघते तर दहा पावलांवर वुल्व्हरीन उभं, तोंडात कसलंसं तंगडं धरून. हाक मारावी तर ते पळणार, उठावं तर पँट गुडघ्यावर. इर्मा तशीच बसून राहिली. मांड्यांना मुंग्या आल्या. जनावरानं तिला नीट न्याहाळलं, तंगडं खाली ठेवलं, शेजारच्या बर्फात स्वतःचंही उरकून घेतलं आणि तंगडं उचलून निघून गेलं.

मग तिनं हाक मारली. वेन्डेल धडपडत आला तेव्हा नुसते ठसे उरले होते.

त्यानं फोन केल्यावर जंगलखात्याची रेंजर नोरीन चमचा आणि बाटली घेऊन वर आली. लघवीच्या तपासणीतून जनावराचं सगळं कुळ कळतं.

"यातला त्याचा डाग कुठला?"

"डावीकडचा," इर्मा म्हणाली.

"नक्की ना? नाहीतर दुर्मिळ प्राणी म्हणून तुमचीच नोंद व्हायची."

"बाई, या वयात स्वतःचं ओळखता येत नसेल तर कठीण आहे."

नोंदीच्या फॉर्मवर प्रश्न होता: प्राणी दिसला तेव्हा आपण काय करत होता? नोरीननं क्षणभर विचार केला आणि लिहिलं, 'बसून निरीक्षण.'

वेन्डेल डोंगर उतरून गाडीत बसला. पण त्यानं किल्ली फिरवली नाही.

"अंगावर पिवळट पट्टा होता?"

"होता. दोन्ही कुशींवर."

"आणि नखं?"

इर्मानं सगळं पहिल्यापासून सांगितलं. तो डोळे मिटून ऐकत होता.

"परत सांग," तो म्हणाला. "तंगडं खाली ठेवलं तिथपासून."