आईच्या खोलीचं दार

"ताई, असाल तर दार उघडा," महाराज म्हणाले, आणि माझ्या आईच्या रिकाम्या खोलीचं दार सावकाश, आवाज न करता उघडलं.

अपंगांसाठी सरकारने बांधलेल्या त्या निवासातला अख्खा मजला बाहेर जमला होता. चाकाच्या खुर्च्या, कुबड्या, मदतनीस बायका. कुणीतरी हुंदका दिला. आत आईचा पलंग होता, छताला टांगलेली तिला उचलायची झोळी होती, फरशीवर तिच्या चाकांच्या दोन फिकट रेघा. आजवर वाचलेली सगळी पुस्तकं त्या क्षणी कुठे गेली कोण जाणे. मलाही वाटलं, आहे ती.

महाराजांना एका रहिवाशाच्या मावशीने आणलं होतं. त्यांचं निदान असं, की ताईंचा, म्हणजे माझ्या गेलेल्या आईचा, जीव इथे अडकलाय. शांती होईतो खोलीत कुणी राहायचं नाही. शांती अर्थातच त्यांच्याच हातून. आत्म्याला भिंत अडवत नाही म्हणे. मग दार कशाला लागतं, हे कुणी विचारलं नाही.

लिफ्टपाशी एक वडील उभे होते. सवयीने मोठ्या झालेल्या मुलीला पाठीवरच घेतलेलं. घरी तीन जिने ते तिला असेच चढवत. आईची खोली आता तिला मिळाली होती. आज नाकारली, तर पुन्हा रांगेच्या शेपटाला.

"नको पप्पा इथे," ती त्यांच्या मानेत पुटपुटली.

दार आपोआप मिटलं. महाराजांनी हाक मारली, पुन्हा उघडलं. त्यांच्या शेजारी अक्षरताई होती. तिला बोलता येत नाही, ती मांडीवरच्या छोट्या फळ्यातल्या अक्षरांवर बोट ठेवून सांगते. निष्पाप जीव म्हणून महाराज तिलाच जवळ घ्यायचे, तिच्या खुर्चीच्या हातावर हात टेकून. मघापासून ती फळ्यावर बोट आपटत होती.

"हिच्यातही संचारलं," मावशी म्हणाल्या.

मी खाली बसले आणि एकेक अक्षर वाचलं. वेळ लागला. 'यांचा हात उचला.'

"हात काढा आणि बोलवा," मी महाराजांना म्हणाले. त्यांनी बोलावलं, आळवलं, दटावलंसुद्धा. दार ढिम्म.

मी खुर्चीच्या हाताखाली चाचपलं. ओळखीचं बटण लागलं. आईची बोटं वाकलेली, भिंतीवरचं दाराचं बटण दाबता येईना, म्हणून कारागिराने वायरशिवाय चालणारं एक बटण तिच्या खुर्चीलाच बसवलं होतं. ती गेल्यावर खुर्ची अक्षरताईला मिळाली. गादी बदलली, चाकं धुतली. बटण काढायचं कुणाच्या लक्षात आलं नाही. ते तिथे आहे, हे महाराजांच्या मात्र लक्षात आलं.

"मग आधी का नाही सांगितलंस गं?" मावशींनी अक्षरताईला विचारलं.

बोट फळ्यावर फिरलं. 'विचारलं कुणी?'

मी बटण दाबलं. आई परतायची तेव्हा उघडायचं, तसंच दार उघडलं. आत कुणी नव्हतं. तिला दुसऱ्यांदा पोचवून आल्यासारखं झालं. मग मी त्या मुलीला बोलावलं. "ये, आता तू दाब."

वडील खाली वाकले. तिने दाबलं, आणि ते दोघं आत गेले.

मेलेलं माणूस दार उघडत नाही. जिवंत माणसाला आत येता यावं म्हणून जिवंत माणसांनीच ते तसं बसवलेलं असतं. आपल्या गेलेल्यांच्या नावाने ते दार कुणालाही अडवू देऊ नका. चमत्कार दिसला, की आपले हात जोडण्याआधी समोरच्याचा हात कुठे आहे ते बघा.