तळव्यावरची थरथर

मुलांनो, डावा हात पुढे करा बरं, तळवा वर. त्यावर आवळ्याएवढं काळंभोर शिवलिंग ठेवलंय असं समजा. आता त्याच्याकडे एकटक पाहायचं; पापणी हलवायची नाही. इंग्रजांच्या काळी सोलापुरात, भवानी पेठेतल्या आपल्या घरी, वीरभद्रप्पा त्या सकाळी असाच पूजेला बसला होता, आणि त्याचा हात थरथरत होता.

कपाळावरच्या भस्मातून घाम ओघळत होता. ओठांवर मात्र हसू होतं.

पाच आठवड्यांपूर्वी हाच माणूस आपल्या सुताच्या दुकानात गादीवरून उठता उठता कोसळला होता. वय बत्तीस. त्याआधी महिनाभर तांब्यामागून तांब्या पाणी प्यायचा, तरी घसा कोरडा. सदरा खुंटीला अडकवल्यासारखा अंगावर लोंबायचा.

दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, "मधुमेह आहे, तोही जोराचा. दहा-बारा वर्षांपूर्वी आला असतात, तर माझ्या हातात काही नसतं. आता इन्शुलिन आहे. जेवणाआधी अर्धा तास सुई टोचायची, दिवसातून दोनदा, जन्मभर. आणि हात कापायला लागले, घाम सुटला, तर रक्तातली साखर फार उतरली असं समजायचं. लगेच साखर खायची. उशीर केलात तर शुद्ध जाईल, जीवही जाईल."

हे त्याच्या बायकोनं, दाक्षायणीनं ऐकलं, आणि नऊ वर्षांच्या लेकीनं, इरूनंही. वीरभद्रप्पाच्या कानात 'जन्मभर' एवढंच राहिलं.

घर लिंगायताचं; रीत अशी, की अंघोळ करून लिंगपूजा झाल्याशिवाय तोंडात पाण्याचा घोटही घ्यायचा नाही. सुई तर स्पिरिटात बुडवलेली, आणि स्पिरिट म्हणजे एक प्रकारची दारूच. अंघोळीनंतर, पूजेच्या आधी तिचा स्पर्श कसा चालेल? म्हणून वीरभद्रप्पानं आपलं आपणच ठरवून टाकलं: उठल्या उठल्या सुई, मग अंघोळ, मग पूजा, मग भाकरी. अर्ध्या तासाचा दीड तास होतोय, हे कोणाच्या ध्यानात आलं नाही.

गेल्या आठवड्यात डॉक्टरांनी औषध वाढवलं, आणि तेव्हापासून पूजेत त्याचा हात थरथरू लागला. छाती धडधडायची. लिंगाभोवती उजेडाचं कडं दिसायचं. पूजा आटोपून भाकरी खाल्ली की सगळं शांत. वीस वर्षं तो पूजा करत होता, देव कधी आला नव्हता. दुखण्यात आला. दाक्षायणीला त्यानं हे सांगितलं नाही. असलं बोलून दाखवलं की जातं, असं त्याला वाटे.

त्या सकाळी दाक्षायणी नळावर गेली होती. इरू दारात उभी राहून बापाकडे पाहत होती.

"अप्पा, घाम बगा किती आलाय. साखर खावा."

"गप बस की." त्याची जीभ जड झाली होती. "आलाय त्यो. लई जवळ आलाय."

इरूनं औषधाच्या डब्यातून साखरेची पुडी आणली आणि त्याच्या ओठांशी धरली. त्यानं मान फिरवली.

"पूजा व्हायची हाय."

तळवा एका बाजूला कलू लागला. डोळे आता लिंगावर नव्हते, कशावरच नव्हते. इरूनं क्षणभर पुडीकडे पाहिलं. मग सगळी साखर लिंगावर ओतली, हात जोडले, आणि तीच साखर मुठीत गोळा करून पुढे केली.

"निवद दावलाय, अप्पा. परसाद घ्या."

प्रसादाला त्या घरात कोणी कधी नाही म्हटलं नव्हतं. वीरभद्रप्पानं तोंड उघडलं.

हळूहळू घाम वाळला. हात थांबला. उजेडाचं कडं विरलं आणि समोर उरलं काळं लिंग, साखरेनं चिकट झालेलं. त्यानं चिकट बोटं एकमेकांवर चोळली आणि इरूकडे पाहिलं.

"कवापास्नं ठावं हाय तुला?"

"तीन दिस झालं."

"मग आईला का न्हाय सांगितलंस?"

इरू परकराचा काठ बोटाला गुंडाळत राहिली.

"तुमी हसत हुता की. दुखणं आल्यापास्नं पयल्यांदाच."

त्यानं लिंग धुतलं, पुसलं, गळ्यातल्या चांदीच्या डबीत ठेवलं. दाक्षायणी घागर घेऊन आत आली, तेव्हा त्यानं एका दमात सगळं सांगून टाकलं. देवाचं तेवढं सांगितलं नाही.

"उद्यापास्नं सुई पूजंनंतर," तो म्हणाला.

"डॉक्टरला इचारायचं सोडून आपलंच डोस्कं चालवलं म्हणा की," ती म्हणाली, आणि घागर न उतरवताच भिंतीला टेकून उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी तो पूजेला बसला. तळवा पाटासारखा स्थिर होता. त्यानं उजेडाच्या कड्याची वाट पाहिली. गिरणीचा भोंगा वाजून गेला, तरी तो उठेना. नुसती पाठ थोडी थोडी वाकत गेली.

इरू चुलीपाशी सुई उकळत होती. तिनं भांडं खाली उतरवलं, ओले हात परकराला पुसले, अप्पाशेजारी मांडी घालून बसली, आणि आपला तळवा त्याच्या तळव्याखाली धरला.