वीतभर उंचीची तिवई

"इतकी बुटकी कर, देजो, की तिच्यावरून उठताना माणसाला दुसऱ्याचा हात लागलाच पाहिजे."

मित्रांनो, माझ्या कानांवर पडलेलं हे पहिलं वाक्य. तेव्हा मी नदीकाठच्या एका साध्या झाडाची फळी होते. सांगणारे होते सेगेड गावच्या ज्यू लोकांचे धर्मगुरू, रब्बी लिपोत. ऐकणारा देजो सुतार.

देजो म्हणाला, "रब्बीसाहेब, म्हातारी माणसं उठायची कशी मग?"

"म्हणूनच तर सांगतोय," रब्बी म्हणाले.

तर मी एक जुनी तिवई आहे. तीन पाय, एक गोल फळी, वीतभर उंची. ना नक्षी, ना रंग, ना गादी. आमच्यात आईबाप, भावंड, जोडीदार किंवा लेकरू गेलं, की घरची माणसं सात दिवस उंबरा ओलांडत नाहीत. आरसे झाकतात आणि बुटक्या आसनावर बसून राहतात. लोक उकडलेली अंडी आणतात, मसुराची आमटी आणतात, काही न बोलता शेजारी बसतात. सातव्या दिवशी सकाळी कोणीतरी येऊन म्हणतं, "आता ऊठ." हात देतं. मग ते दोघं मिळून घराभोवती एक फेरी मारतात. तेवढं झालं की पुन्हा जगायला मोकळीक.

त्या सात दिवसांसाठी माझा जन्म. लढाई नुकती संपली होती. ज्यांच्यासाठी बसायचं ते फार होते आणि बसणारे थोडे. रब्बी लिपोत मला घरोघरी देत. त्यांचा एक नेम होता. ज्यानं तिवई दिली, त्यानंच सातव्या दिवशी ती आणायला जायचं. आणायला जायचं म्हणजे उठवायला जायचं. हा नेम त्यांनी अंगात ताप असताना पाळला, आणि एका हिवाळ्यात पाय प्लास्टरमध्ये असतानाही पाळला.

आता खरं सांगते, माझा स्वभाव मत्सरी आहे. आमच्या प्रार्थनागृहात एक मखमली खुर्ची होती. आठ दिवसांच्या बाळाचं नाव ठेवायच्या दिवशी तिला पुढे आणत. लोक तिच्याभोवती गात. लग्नाच्या मांडवाचे चार खांब होते, त्यांना फुलं बांधत. माझ्या वाट्याला काय, तर पाठमोरं रडणं. काम झालं की घरातल्या बायका म्हणत, "ती तिवई माळ्यावर टाका बाई, समोर नको." मखमली खुर्चीला कधी कोणी माळ्यावर टाकलं नाही.

कौतुक झालं ते एकदाच. एका चांभाराची बायको सात दिवस माझ्यावर बसली. उठल्यावर तिनं माझ्या फळीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "आईच्या मांडीनंतर एवढं घट्ट मला कोणी धरलं नव्हतं." ते एक वाक्य मी पुढं साठ वर्षं पुरवून पुरवून खाल्लं.

रब्बी लिपोत गेले. त्यांच्यासाठी त्यांचा मुलगा माझ्यावरच बसला. पुढे त्यांचा नातू, आर्मिन, रब्बी झाला. पण गावातली माणसं घटत चालली. तरुण पोरं परदेशी गेली, म्हातारी देवाघरी. मग प्रार्थनागृहाला पूर्ण पगाराचा रब्बी परवडेना. आर्मिननं कुणाला दोष दिला नाही. तो घरी आला, जेवणघरातलं टेबल खिडकीपाशी ओढलं आणि एक लॅपटॉप विकत आणला. त्यावरून तो शिकवू लागला, लोकांची दुःखं ऐकू लागला. मेलबर्नहून, टोरांटोहून, हैफाहून आमच्याच भाषेतली माणसं त्यात दिसू लागली.

सवत म्हणावं, तर लॅपटॉप पडला पुल्लिंगी. पण मत्सराला व्याकरण कळत नाही. लोक रडायचे ते आता त्याच्यासमोर. त्याला पुसायला एक मऊ पिवळं फडकं होतं, ते दुसऱ्या कशाला लावायचं नाही अशी आर्मिनची सक्त ताकीद. रोज भिंतीतून वायर लावून त्याला जेवू घालत. आणि मी कुठे होते? टेबलाखाली. टेबल जरा उंच, म्हणून खुर्चीही उंच, आर्मिनचे पाय लोंबकळत. म्हणून त्याच्या बायकोनं, लेंकेनं, मला माळ्यावरून काढून त्याच्या पायांखाली दिलं. तो जगाचं सांत्वन करायचा आणि त्याच्या सपाता माझ्या फळीवर असायच्या. डोळे त्याच्याकडे, टाचा माझ्याकडे.

शुक्रवारी संध्याकाळी लेंके दोन मेणबत्त्या लावी, डोळ्यांवर हात धरून आशीर्वाद म्हणे, आणि त्या वेळेपासून शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत लॅपटॉप बंद. तेवढे चोवीस-पंचवीस तास मी सुखात असे. देवानं विश्रांतीचा दिवस माझ्यासाठीच केला असं मला वाटे. असं वाटणं पाप आहे, हे मला ठाऊक आहे.

गुरुवारच्या पाठाला इल्का नावाची एक बाई येई. पडद्यावर चेहरा नाही, नुसतं नाव. आवाज मात्र खरखरीत आणि मिश्कील. एका मंगळवारी ती म्हणाली, "रब्बीसाहेब, आई गेली. आज सकाळी पुरून आले. एक्क्याण्णव वर्षांची होती. मला पद्धत सांगा, माझ्याशिवाय घरात कोणी नाही." आर्मिननं सगळं सांगितलं. आरसे झाका, शेजाऱ्यांकडून एखादं बुटकं आसन मागून घ्या, शनिवार सोडून रोज माझ्याशी बोला. "आणि सोमवारी सकाळी नऊ वाजता मी तुम्हाला उठवीन," तो म्हणाला.

मी टेबलाखालून ऐकत होते. आता हा लॅपटॉप माणसांना उठवणार. माझं उरलंसुरलं कामसुद्धा ह्यानं गिळलं.

रविवारी दुपारी आर्मिन तिच्याशी बोलत होता, तेवढ्यात लॅपटॉपमधून धप्प असा आवाज आला.

"काय झालं? खुर्ची पडली का?"

"मी पडले. खुर्ची माझ्यावर पडली."

"लागलं का?"

"लागलं कसलं. रोज पडते मी. सवय झाली." ती जरा धापा टाकत होती. "बुटकं आसन कोणाकडे मिळेना. इथल्या लोकांना ते काय ठाऊक. मग आईची स्वयंपाकघरातली खुर्ची घेतली आणि पाय कापले. एक जास्त कापला गेला. बाकीचे तीन त्याच्या मापाचे करायला गेले, तर तेच जास्त गेले. मग पुन्हा पहिला. मीच थांबले, नाहीतर नुसती बैठक उरली असती."

ऐकून माझा जीव जळाला. आता आणखी एक खुर्ची माझ्या जागी. आणि तीही चार पायांची, डगमगणारी. तीन पायांची तिवई कशी डगमगेल, सांगा.

"एखाद्या शेजाऱ्याला हाक मारा ना," आर्मिन म्हणाला.

"शेजारी कांदे काढायला गेलेत शेतावर. अख्खं गाव गेलंय."

"कांदे?" आर्मिन थांबला. "इल्कामावशी, तुम्ही असता कुठे?"

"माकोला. आणखी कुठे असणार?"

माझ्यावरच्या सपाता उचलल्या गेल्या.

"माको? आपलं माको?"

"दुसरं कुठलं असेल तर मला ठाऊक नाही."

माको आमच्यापासून बसनं पाऊण तासावर. सेगेडच्या बाजारातला अर्धा कांदा तिथला.

"अहो, मग बोलला का नाहीत इतके दिवस?"

"तुम्ही विचारलंच नाही," इल्का म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, हेच वाईट. "मला वाटलं, आता हीच पद्धत झाली असेल."

मग इल्काच म्हणाली, "एक शंका विचारते. उद्या तुम्ही तिकडून 'ऊठ' म्हणाल. पण माझे गुडघे गेलेत. दरवेळी मी टेबल धरून, खिडकी धरून, आईचं नाव घेत उठते. उद्या तुम्ही ऊठ म्हणालात आणि मी खालीच राहिले, तर ते उठणं धरतात का?"

आजवर किती अवघड प्रश्न मी टेबलाखालून ऐकले असतील. प्रत्येकाला आर्मिनकडे उत्तर असे.

"उद्या नऊला मी येतो," तो हळूच म्हणाला.

"रोजच्यासारखं ना?"

"नाही. घरी येतो."

लॅपटॉप मिटला. पण मला भरवसा वाटेना. कारण सोमवारी सव्वानऊला त्याचा एक मोठा पाठ ठरला होता. तीन महिने तयारी केलेला, आठ देशांतली चाळीस माणसं बसायची होती. लेंके भाजी चिरत दारात उभी राहिली.

"जाशील ना?"

"जायचं तर आहेच. पण चाळीस माणसांना आयत्या वेळी काय सांगू? तिकडे मेलबर्नला लोक कामं सोडून बसतात. दुपारच्या बसनं गेलो तर?"

"सातव्या दिवशी सकाळीच उठवायचं असतं, हे मी तुला शिकवू?"

"नऊला लॅपटॉपवरून उठवतो आणि दुपारी भेटायला जातो."

"आणि तिला हात कोण देणार? वायर?" लेंके म्हणाली. "तुझे आजोबा प्लास्टर घेऊन गेले होते."

"आजोबांची चाळीस माणसं वाट बघत नव्हती, लेंके."

"नव्हती खरी," लेंके म्हणाली. "त्यांची नेहमी एकच माणूस वाट बघत असायचं."

आर्मिननं पाय खाली सोडले, पण ते माझ्यावर ठेवले नाहीत. खुर्चीच्या कडेला सरकून जमिनीवरच टेकवले. मग लॅपटॉप उघडून एक ओळ लिहिली. लिहिता लिहिता मोठ्यानं वाचायची त्याची सवय आहे, म्हणून मला कळलं: "उद्या पाठ होणार नाही. मला माकोला जायचं आहे."

मित्रांनो, त्या क्षणी मला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. थोडं वाटलंही, खोटं कशाला बोलू. पण मग मनात आलं, इल्काचा आवाज ह्या घरात आणला कोणी? मी माळ्यावर असते तर ती पडल्याचा धप्प आवाज मला कधीच ऐकू आला नसता. तो माझ्या त्या सवतीनं आणला. दार त्यानं उघडलं, दारातून आत जायचं मात्र माणसानंच. इतकी वर्षं मी उगाच जळत राहिले. तरीही त्याच्यावर माझं प्रेम जडलं, असं काही नाही.

म्हणून तुम्हाला एवढंच मागते. जुन्या वस्तू माळ्यावर टाकल्यात तरी चालेल, आम्ही वाट बघायला शिकलेलो असतो. पण पडद्यावरच्या माणसाशी बोलाल, तेव्हा त्याला एकदा तरी विचारा, बाबा, तू राहतोस कुठे? कदाचित तो पाऊण तासावरच असेल.

सोमवारी उजाडता उजाडता आर्मिननं सकाळची प्रार्थना केली. लेंकेनं सहा अंडी उकडली होती, ती फडक्यात बांधली. तो बूट घालत होता, तेव्हा ती टेबलाखाली वाकली आणि तिनं मला बाहेर काढलं.

"ही घेऊन जा," ती म्हणाली. "शेवटचा तासभर तरी तिला सरळ बसू दे."

आर्मिननं माझी फळी पाहिली. तिच्यावर त्याच्याच सपातांची धूळ होती. त्यानं इकडेतिकडे पाहिलं, टेबलावरचं ते मऊ पिवळं फडकं उचललं आणि मला पुसलं. फळी पुसली, मग एकेक पाय पुसला. लॅपटॉप टेबलावर मिटून पडला होता.

मग तो पायऱ्या उतरला. रस्त्यावर अजून कोणी नव्हतं, नुसती पाणी मारणारी गाडी पुढे गेली होती. बसच्या थांब्याकडे तो जरा भरभरच चालला. मला त्यानं डाव्या काखेत धरलं होतं. अंड्यांची पुरचुंडीही त्याच हाताला लटकत होती. उजवा हात त्यानं मोकळा ठेवला होता.