गेटवरचा ठेका

टेबलावर ग्रामपंचायतीचा ठराव होता आणि खिडकीबाहेर जेसीबी घरघरत उभा होता. ठराव मंजूर झाला की तासाभरात गोदामांच्या गेटवरच्या सगळ्या टपऱ्या उचलायच्या, असं ठेका घेऊ पाहणाऱ्या मितेशने परस्पर ठरवून टाकलं होतं.

वडपे नाक्याच्या पुढे, हायवेला लागूनच त्यांचं गाव. शेतांच्या जागी गोदामं उभी राहिली, सरपंचपद बाईसाठी राखीव झालं, तेव्हा पंधरा वर्षं सरपंच राहिलेल्या दाजींनी आपल्या सुनेला, मृणालीला उभं केलं. अजूनही सभेत त्यांची खुर्ची तिच्या खुर्चीला चिकटून असे. ते सदस्य नव्हते, पण त्यावर कुणी चकार शब्द काढत नसे. दोन वर्षं ती दाजी बोट ठेवतील तिथे सही करत आली होती.

आजचा ठराव असा, की गेटवर खाणं विकायचा ठेका एकालाच द्यायचा. बाकी कुणी तिथे बसायचं नाही. ठेका मिळणार होता दाजींच्या भाच्याला, मितेशला.

दाजींचं कारण खोटं नव्हतं. महिन्यापूर्वी रिव्हर्स येणाऱ्या कंटेनरने गेटवर विकणाऱ्या सीताबाईची हातगाडी चिरडली होती. ती उडी मारून बाजूला झाली म्हणून निभावलं. एकच ठेकेदार असला की जबाबदार कोण ते कळतं, असं दाजी म्हणत. मृणालीलाही ते पटलं होतं.

मागच्या भिंतीशी डोंगरातल्या पाड्यावरच्या सात-आठ बाया बसल्या होत्या. त्यांतली सखी चार वर्षं गेटवर भाकरी आणि सुकटीची चटणी विकत होती. ग्रामसेवकाने ठराव वाचून संपवला, तशी ती उठली. दाजींनी खाली बसायची खूण केली. ती बसली नाही.

"सरपंचबाई, गिऱ्हाईक न्हाय आलं त आमीच उठू," ती म्हणाली. "कंटेनरची भीती हाय त लांब बसवा. पन लोकांना आमची भाकरी पायजे असताना कागदानं उठवू नका."

मृणालीने बाजूला बसलेल्या मितेशला विचारलं, तुझ्याकडे जेवण केवढ्याला मिळणार?

"ते नंतर बघू, वहिनी. दुसरीकडे जाणार कुठे?" तो सहज बोलून गेला.

मतदान झालं. तिघे बाजूने, तिघे विरोधात. आता निकाल अध्यक्षांच्या, म्हणजे मृणालीच्या मतावर. दाजींनी पेन तिच्यापुढे सरकवलं.

"सही कर," ते हळूच म्हणाले. "घरातली गोष्ट हाय."

संध्याकाळी याच माणसाला ताट वाढायचं होतं. तिने पेन उचललं नाही.

"माझं मत विरोधात," ती म्हणाली, आणि थांबले तर धीर सुटेल या भीतीने घाईघाईने पुढचं सांगत सुटली. ट्रकच्या वाटेपासून पन्नास पावलांवर चुन्याची रेघ मारायची. रेघेच्या आत कुणी बसायचं नाही. पलीकडे ज्याला विकायचं त्याने विकावं, कचऱ्याचा डबा ज्याचा त्याने ठेवावा. मितेशनेसुद्धा.

मितेश ताडकन उठून बाहेर गेला. जेसीबी गेटच्या दिशेने निघाल्याचं सगळ्यांनी पाहिलं. बाया धावत सुटल्या. मृणाली ग्रामसेवकाच्या मोटारसायकलवर मागे बसली, ठरावाचं रजिस्टर छातीशी धरून. ती पोचली तेव्हा जेसीबीचं फावडं सखीच्या ताडपत्रीला टेकलं होतं. मृणाली फावड्यासमोर जाऊन उभी राहिली.

ड्रायव्हरने खाली वाकून विचारलं, "मॅडम, ऑर्डर किसका है?"

"सरपंच मैं हूँ. बंद करो."

त्याने मितेशकडे पाहिलं, मग रजिस्टरकडे. आणि इंजिन बंद केलं.

त्या दिवसापासून दाजींनी तिच्या हातचं पाणी सोडलं. अविश्वास ठरावासाठी ते दारोदार फिरले. पुरेसे सदस्य मिळाले नाहीत. मितेशने रेघेपलीकडे पंखे लावून बिर्याणीची टपरी टाकली. बिर्याणी खरंच चांगली होती. सखीची निम्मी गिऱ्हाइकं तिकडे वळली.

मितेशला आपणच मुभा दिली म्हणून मृणाली ओशाळून तिला भेटायला गेली, तर सखी पहाटेच्या शिफ्टसाठी तांदळाची घावनं काढत होती.

"सकाळचं त्याच्याकडं काय नसतं," सखी म्हणाली, आणि तव्यावरचं घावन उलटलं.